रिकाम्या बंबाची उंची

अग्निशमन दलाचा इतिहास म्हणजे शौर्य, त्याग आणि सेवा यांची अखंड तेवणारी ज्योत आहे. आग विझवणाऱ्यांच्या इतिहासाला ज्योतीची उपमा ज्याला सुचली, त्याला माझा नमस्कार. आमच्या दलाच्या स्मरणिकेत पहिल्या पानावर हे वाक्य आहे आणि त्याखाली लेखक म्हणून माझं नाव आहे. वाक्य माझं नाही. मी जे लिहून दिलं होतं, त्यातलं माझं नाव तेवढं समितीच्या पसंतीस उतरलं.

उरलेलं इथे लिहितो.

मी पनवेलला राहतो आणि याच परिसरात स्टेशन ऑफिसर म्हणून नोकरी संपवली. दलाचं नाव लिहीत नाही. ज्या वसाहतीत हे घडलं तिचंही नाही. ती खांदा कॉलनीच्या अलीकडे आहे समजा किंवा पलीकडे. कमान तुम्हाला दोन्हीकडे सापडेल.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामाबद्दल दोन-तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली, मदतीसाठी जो फोन येतो त्याला आम्ही वर्दी म्हणतो. वर्दी आगीचीच असते असं नाही. मांजात अडकलेली घार ही वर्दी असते. कर्नाळ्याच्या बाजूने वाट चुकून आलेलं आणि बँकेच्या साहेबाच्या खुर्चीवर बसलेलं माकड हीसुद्धा वर्दी असते. (साहेब टेबलाखाली होते. आधी कोणाला बाहेर काढायचं, यावर कर्मचाऱ्यांत एकमत नव्हतं.) एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात पाणी कमी पडतंय म्हणून बंब मागवला होता. मी नकार दिल्यावर म्हणाले, "अहो, तुमच्याकडे पाणी नुसतं उभंच असतं ना?"

"उभंच असतं," मी म्हटलं. "तेच त्याचं काम."

ही दुसरी गोष्ट. स्टेशनात उभा असलेला बंब कायम भरलेला असतो. आगीवरून परत आल्यावर माणसं कितीही काळवंडलेली असोत, आधी बंब भरायचा, मग चहा. नवीन भरती झालेल्याला आम्ही हे सलाम ठोकायच्या आधी शिकवतो. वर्षानुवर्षं हे असंच चालल्यामुळे रिकामा बंब कसा दिसतो, हे आम्हालाही कधी नीट बघायला मिळालं नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

तिसरी गोष्ट म्हणजे कमान. आमच्या भागात पूर्वी भात आणि मीठ पिकायचं. जमिनी गेल्या, वसाहती आल्या, आणि आता कमानी पिकतात. कमानीला दार नसतं, छप्पर नसतं, ती ऊन अडवत नाही की पाऊस. ती फक्त बंब अडवते. दलाच्या गौरवशाली इतिहासात बैलांनी ओढायचा पंप येतो, पितळी घंटा येते, गावातल्या तळ्यात पाइप सोडून भरलेला पहिला मोटारबंब येतो. त्या तळ्यांचं पुढे सुशोभीकरण झालं. कठडे आले, कारंजी आली, आणि कठड्याबाहेरून पाण्यापर्यंत आमचा पाइप पोहोचेना. हे स्मरणिकेत नाही. तिथे कारंज्याचा रंगीत फोटो आहे.

आता म्हात्रे. हा आमचा ड्रायव्हर, उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. आडदांड, तोंडाचा फटकळ, आणि स्वतःच्या ड्रायव्हिंगबद्दल असा काही गर्व की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. "आमी बंब चालवतो, बाकीची लोका गाड्या चालवतात," हे त्याचं दिवसातून एकदा तरी व्हायचंच. पण त्या गर्वाला तो जागूनही असे. त्याने एक बांबू तोडून घेतला होता, बरोबर बंबाच्या उंचीचा. बंबाच्या टपावर पाण्याची तोफ असते, तिच्या लोखंडी सांगाड्याच्या टोकापर्यंत मापून कापलेला. त्याला लाल-पांढरे पट्टे मारले होते आणि वर पितळेची टोपी बसवली होती. गणपती, नवरात्र, दहीहंडी, कोणाचा वाढदिवस, असं काही आलं की तो सायकलला बांबू बांधून निघायचा. मांडव, पताका, लोंबत्या तारा, सगळ्याखाली बांबू उभा धरून बघायचा. बांबू गेला तर मंडळ पास. नाही गेला तर तिथेच उभा राहून कार्यकर्त्यांच्या घराण्याचा उद्धार.

"मांडव वर घ्या रे. तुमच्या बाप्पाला आग लागली तर मना हाक मारू नका."

"म्हात्रेकाका, बाप्पाला कशी आग लागेल?"

"बाप्पाला नाय, तुमच्या वायरिंगला."

मंडळं त्याला वैतागायची आणि मांडव वर घ्यायची.

ज्या वसाहतीबद्दल मी सांगतोय तिथे जायला एकच रस्ता होता. मागे नाला आणि भिंत. त्या रस्त्याच्या तोंडाशी भागातल्या पुढाऱ्यांनी, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ कमान उभारायला घेतली. लांबून दगडी दिसणारी, आतून लोखंडी सांगाडा आणि वर प्लास्टर. दोन्ही खांबांवर फायबरचे हत्ती, वर मधोमध वडिलांची तसबीर आणि तिच्याहून थोडी मोठी भाऊंची.

परांची उभी असतानाच म्हात्रे बांबू घेऊन हजर झाला. भाऊ तिथेच खुर्ची टाकून बसले होते.

"म्हात्रे, तू तर आपल्यातलाच. किती उंची पायजे तुला?"

"माझा बांबू गेला पायजे, भाऊ. बाकी हत्ती ठेवा नायतर घोडं."

कंत्राटदाराने आडवा गर्डर थोडा वर घेतला. बांबू गेला, वर दोन बोटं जागा राहिली. भाऊंनी चहा पाजला. म्हात्रे छाती काढून परत आला आणि मला म्हणाला, "साहेब, बघा, पुढाऱ्याला पन वाकवला." मीही खूश झालो. उंची किती असावी याचे नियम होते. पण नियमापेक्षा बांबू लोकांना लवकर कळायचा, म्हणून आम्ही सगळे बांबूवर चालायचो.

कमान झाल्यावर काही महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी, त्या वसाहतीतून वर्दी आली. चार मजली इमारत, लिफ्ट नाही. जिन्याखाली विजेचे मीटर आणि मीटरच्या पुढ्यात स्कूटर्स लावलेल्या. आपल्याकडे जिन्याखालची जागा मोकळी ठेवणं अशुभ मानत असावेत. मीटरने पेट घेतला, स्कूटर्सनी तो वाढवला, आणि जिना धुराडं झाला. खालचे लोक पळाले. वरच्या मजल्यांवरचे काही गच्चीत गेले. चौथ्या मजल्यावर साजिदाभाभी आणि त्यांची सासू अडकल्या होत्या. नवरा आखातात, घरात या दोघीच. सासूला दम्याचा त्रास, जिना चढवेना. खिडकीतून शिडी लावून काढावं, तर खिडक्यांना लोखंडी पिंजरे. चोर येऊ नये म्हणून बसवलेले. चोर येत नाही हे खरं आहे.

दुसरा बंब जासईला कंटेनर यार्डातल्या आगीवर गेला होता. आम्ही एकच घेऊन निघालो. कमानीखालून बंब गेला, तोफेचा सांगाडा गर्डरच्या खालून दोन बोटांनी सुटला. म्हात्रेने माझ्याकडे बघून भुवई उडवली.

वीज तोडली, पाणी सुरू केलं. पेट्रोलची आग पाण्याने लगेच ऐकत नाही. आमची माणसं जिन्याच्या तोंडाशी आडवी झोपून मारा करत होती आणि आग पहिल्या जिन्यावरून मागे हटत होती. अजून थोडं पाणी मिळालं असतं तर ती तिथेच संपली असती. बंब रिकामा झाला.

वसाहतीच्या कोपऱ्यावर आमच्यासाठी रस्त्यातला नळ होता. नकाशात होता. जागेवर गेलो तर तिथे नवे पेव्हर ब्लॉक बसवलेले. नळ त्यांच्याखाली. माझा एक फायरमन गुडघ्यावर बसून पहारीने ब्लॉक उचकटत होता आणि एक रहिवासी त्याला सांगत होता, "अहो, हळू, आत्ताच बसवलेत."

पाणी भरायची जागा कमानीबाहेर, जलकुंभाजवळ होती. म्हात्रे बंब घेऊन निघाला. आता ही गोष्ट वरून कशी दिसते ते बघा. तुम्ही चौथ्या मजल्यावर पिंजऱ्याला धरून उभे आहात, पाठीमागे धूर आहे, आणि आग विझायच्या आधीच बंब वळून निघून जातो.

साजिदाभाभी ओरडल्या, "ओ भाई! कुठं चाललात? अम्मीला श्वास नाही येत!"

खालच्या गर्दीत कोणीतरी म्हणालं, "पळाले साले." एकाने मोबाइलवर तेच चित्रित केलं. तो व्हिडिओ पुढे पुष्कळ फिरला.

रस्ता सरळ होता, मला इमारतीपासून कमान दिसत होती. बंब कमानीपाशी गेला आणि थांबला. मग वॉकीटॉकीवर म्हात्रे.

"साहेब, गाडी अडकली. तोफ लागते वर."

"आत आली तशीच बाहेर काढ."

मग अगदी वेगळ्या आवाजात, "साहेब, आली तवा भरली व्हती."

पाण्याच्या वजनाने बंबाच्या स्प्रिंगा दबतात. पाणी गेलं की बंब वर उठतो, चार बोटं तरी. आत जायला दोन बोटं पुरली होती, बाहेर पडायला तेवढीच कमी होती. म्हात्रेने बांबू कापला तो स्टेशनात उभ्या बंबावरून, आणि स्टेशनात बंब भरलेला असतो. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, कारण आम्ही नियम पाळणारी माणसं होतो. कधीमधी बंब रिकामा ठेवण्याइतका गाफीलपणा आमच्यात असता, तर ही चूक आम्हाला आधीच सापडली असती.

चाकांची हवा काढून गाडी खाली बसवता येते. पण हवा गेलेल्या चाकांवर पाण्याने भरलेला बंब परत आणता येत नाही.

"साहेब, पाडतो."

"पाड."

त्याने बंब मागे घेतला. आधी खाली उतरून कमानीखाली जमलेल्या बघ्यांना शिव्या घालून हाकललं, मग वर चढून बंब कमानीवर घातला. पहिल्या धडकेत प्लास्टर आलं, दुसऱ्या धडकेत गर्डर. हत्ती जागेवर राहिले. दोन्ही तसबिरी खाली आल्या आणि बंब त्यांच्यावरून गेला. तो पाणी घेऊन परतला तेव्हा टपावरची तोफ वाकडी झालेली होती आणि म्हात्रेच्या कपाळातून रक्त येत होतं.

आग विझली. दोघींना खाली आणलं. साजिदाभाभींनी दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते, आणखी एक ओलं फडकं सासूच्या तोंडाशी धरलं होतं. त्या वाचल्या. हलिमाबी, त्यांच्या सासू, खाली आल्या तेव्हा श्वास चालू होता. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी थांबला.

चौकशी लागली. तुम्हाला वाटेल, जिन्याखालच्या स्कूटर्सची, बुजवलेल्या नळाची, कमानीची. कमानीचीच लागली, पण वेगळी. सार्वजनिक मालमत्तेचं हेतुपुरस्सर नुकसान आणि एका दिवंगत समाजसेवकाच्या प्रतिमेची विटंबना. दिवंगत हलिमाबींच्या नावाने एकही प्रश्न निघाला नाही. त्यांची प्रतिमा नव्हती.

मी लेखी सांगितलं की पाडण्याचा हुकूम माझा होता. चौकशी करणारे साहेब सभ्य होते. म्हणाले, "तोंडी हुकमाची नोंद नाही."

"आग लागलेली असताना हुकूम तोंडीच देतात."

"तेच तर. नोंद राहत नाही."

साजिदाभाभी बोलावणं नसताना साक्ष द्यायला आल्या. साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पण बाई, तुमचा कमानीशी संबंध काय?"

त्या म्हणाल्या, "साहेब, माझी अम्मी कमानीच्या आतल्या बाजूला होती."

हे वाक्य अहवालात आलं नाही. विषयाला धरून नव्हतं.

अधिकारी म्हणून मला समज मिळाली. ड्रायव्हर म्हणून म्हात्रेला ठपका मिळाला. दोन्हींचा अर्थ एकच, पण ठपक्यात बढती थांबते. बढतीचं त्याला फार वाटलं नाही. ठपक्यात लिहिलं होतं, 'बेजबाबदारपणे वाहन चालविले.' ते मात्र त्याच्या वर्मी लागलं. हा माणूस आयुष्यात फक्त एका गोष्टीवर फुशारक्या मारायचा आणि त्यांनी नेमकी तीच उचलली.

"कमान फोडली लिवा, कबूल," तो मला म्हणायचा. "फोडलीच हाय. पन बेजबाबदार? मी माणसा बाजूला केली आन् मंग घातली. त्यो शब्द काढा."

तो शब्द काढावा म्हणून मी निवृत्तीपर्यंत अर्ज करत राहिलो. म्हात्रेने दरम्यान दुसरा बांबू कापला, रिकाम्या बंबाच्या मापाचा. त्याला ना पट्टे मारले, ना टोपी बसवली. पुन्हा सायकल काढली आणि प्रत्येक मांडवाखाली उभा राहिला. फुशारकी बंद झाली होती. मंडळांना करमेना. एक कार्यकर्ता मला येऊन म्हणाला, "साहेब, काकांना सांगा, जरा शिव्या घाला. पोरांना चुकल्यासारखं वाटतं."

तो निवृत्त झाला, पाठोपाठ मी. मग दलाचा महोत्सव आला, आणि इतिहास लिहून मागायला समितीचे चिटणीस माझ्या घरी आले. मी म्हटलं, लिहितो, पण म्हात्रेवरचा शब्द मागे घ्या. चिटणीस म्हणाले, "सर, आपण सकारात्मक बाजूवर भर देतोय. म्हात्रेंचा सत्कारच ठेवलाय. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह."

"आणि ठपका?"

"तो आस्थापनेचा विषय आहे. सत्कार सांस्कृतिक समितीचा."

एकाच माणसाला एकाच कृत्याबद्दल एका खोलीत ठपका आणि शेजारच्या खोलीत शाल, यात चिटणिसांना काही खटकत नव्हतं. मी त्यांना दाराबाहेर काढलं नाही, हा माझा आयुष्यातला सर्वांत सकारात्मक क्षण समजावा. उलट इतिहास लिहून दिला, कमानीसकट. त्यातलं काय छापलं ते वर सांगितलंच आहे.

सत्काराचं निमित्त होतं नवी कमान. जुनीच्या जागी, त्याच वसाहतीच्या तोंडाशी, या खेपेला दलाच्या सन्मानार्थ. हत्ती तेच. मधोमध हेल्मेटधारी जवानाचा पुतळा, शेजारी भाऊंची तसबीर. भाऊ आता मोठ्या पदावर आहेत, तसबीरही त्या प्रमाणात. निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं की कमानीची उंची 'अग्निशमन दलाच्या पारंपरिक मानकानुसार' ठेवली आहे. मी चिटणिसांना फोन करून विचारलं, हे मानक कुठलं?

"सर, तो बांबू. आपल्या दलाच्या स्मृतिदालनात काचेच्या पेटीत ठेवलाय ना."

"कुठला बांबू?"

"पट्टेवाला. पितळी टोपीचा. स्टोअरमध्ये दोन होते, दुसरा अगदीच साधा होता."

दोन बांबूंमधला फरक मी त्यांना फोनवर समजावला. ते म्हणाले, "नोंद घेतो."

कार्यक्रमाला म्हात्रे आला. पांढरा सदरा, नातवाचा हात धरून. शाल घेतली, पण खांद्यावर टाकली नाही, हातावर ठेवली. माईक पुढे केला तेव्हा म्हणाला, "शाल बरी हाय. त्यो शब्द तेवढा काढा." लोकांना ते नम्रपणाचं वाटलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत साजिदाभाभी होत्या. त्यांनी वाजवल्या नाहीत.

मग मुख्य प्रसंग. फीत कापून झाल्यावर भाऊंनी बंबात बसून कमानीतून वसाहतीत प्रवेश करायचा, मागे बँड. आमच्या वेळचाच बंब, नवा रंग मारलेला, झेंडूने मढवलेला. भाऊ ड्रायव्हरशेजारी बसले. बंब कमानीखाली गेला, वर काहीतरी घासलं आणि तो थांबला. माळा काढल्या. झेंडा काढला. तरी सांगाडा गर्डरला लागतच होता, दोन बोटांनी. बँड एकच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.

चिटणीस घाम पुसत म्हात्रेकडे आले. "काका, तुम्ही अनुभवी. काहीतरी करा."

म्हात्रे बंबाकडे बघत होता, चाकांकडे, स्प्रिंगांकडे. तो म्हणाला, "मागल्या खेपेला केला व्हता. तवा ठपका आला."

भाऊ उतरून चालत गेले. छायाचित्रात ते कमानीतून चालतच येताना दिसतात; खाली 'जनसामान्यांसोबत' असं लिहिलं आहे. साजिदाभाभी म्हात्रेजवळ येऊन थांबल्या. त्यांनी त्याच्या हातातली शाल घेतली, झटकली आणि त्याच्या खांद्यावर नीट घातली. शब्द अजून काढलेला नाही. नव्या अर्जावर उत्तर आलं आहे की संबंधित कर्मचारी निवृत्त असल्याने विषय संपुष्टात आला.

कमानीखाली अंथरलेला नवा गालिचा गळतीने भिजू नये म्हणून त्या बंबातलं पाणी सकाळीच काढून टाकलं होतं. त्या दिवशी त्या भागासाठी ड्युटीवर असलेला बंब तोच होता.